खाली जाण्याचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा खेळाशी संबंध वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापुरताच होता, असं त्यांच्या घरच्यांनी मला आधीच सांगून ठेवलं आहे. तरीही खेळातल्या क्रमवारीवर बोलायला मला परवानगी मिळाली. हैदराबादेतल्या मराठी श्रोत्यांसमोर याआधी संतसाहित्य झालं, हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला, भाषावार प्रांतरचना झाली. त्या रांगेत गुणतक्ता जरा अंग चोरूनच उभा राहणार. पण ज्या प्रश्नावर लोक हातातला चहा गार होईपर्यंत भांडतात, तो प्रश्न हलका नसतो, एवढं गृहीत धरून सुरुवात करतो.

२०२३-२४ चा मोसम घ्या. त्या एका मोसमात आपल्या शहराचं नाव लावणारे दोन संघ आपापल्या खेळात तळाशी होते. क्रिकेटचा हैदराबाद संघ रणजी करंडकाच्या प्लेट गटात खेळत होता, म्हणजे अरुणाचल, मिझोराम, सिक्कीम, नागालँड, मेघालय यांच्या पंगतीत. देशातले बाकीचे ३२ संघ वरच्या एलिट गटात आणि आपण खालच्या सहांत. फुटबॉलमध्ये हैदराबाद एफसी हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये २२ सामन्यांत एक विजय आणि ८ गुण घेऊन शेवटच्या, बाराव्या जागेवर राहिला. तळ दोन्हीकडे होता. पण क्रिकेटचा संघ त्या तळावरून वर्षभरात वर आला, आणि फुटबॉलच्या क्लबला खालीही जाता आलं नाही आणि वरही येता आलं नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या फरकाभोवती आहे.

क्रिकेटपासून सुरू करतो, कारण तिथला हिशेब आपल्याला पाठ आहे. निर्णायक विजयाला ६ गुण. डावानं किंवा दहा गडी राखून जिंकलात तर एक जास्त. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. २०२२-२३ मध्ये हैदराबाद एलिटच्या ब गटात होता. सात सामने झाले आणि सात सामन्यांचा गुण मिळाला एक. हा एक गुणही कसा मिळाला ते ऐका. उप्पलच्या मैदानावर तमिळनाडूला शेवटच्या दिवशी ११ षटकांत १४४ धावा हव्या होत्या. सात षटकांत त्यांनी १ बाद १०८ केल्या. मग पंचांनी प्रकाश अपुरा असल्याचं ठरवलं आणि सामना थांबला. डिसेंबरातली संध्याकाळ जरा लवकर उतरली म्हणून हैदराबादच्या खात्यात तो एकुलता एक गुण दिसतो. मुंबईनं तर त्याच मोसमात आपल्याविरुद्ध ६ बाद ६५१ वर डाव घोषित केला होता, रहाणेच्या २०४ धावांसह, आणि एक डाव व २१७ धावांनी जिंकून सातही गुण नेले होते. त्या वर्षी हैदराबाद खाली गेला यात अन्याय झाला असं म्हणणारा माणूस मला या शहरात भेटलेला नाही. निवड समितीला, संघटनेला, संघटनेतल्या कोर्टकज्ज्यांना शिव्या देणारे पुष्कळ भेटले. गुणतक्त्याला दोष देणारा एकही नाही.

त्याच ब गटात त्याच मोसमात आणखी एक गोष्ट घडली. ती पुण्या-मुंबईच्या लोकांना आजही बोचते. जानेवारी २०२३, ब्रेबॉर्न स्टेडियम, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई, गटातला शेवटचा सामना. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ३८४ धावा झाल्या, त्यात केदार जाधवच्या १२८. उत्तरात मुंबईचा डाव संपला तोही ३८४ वरच. कुणालाच आघाडी नाही, त्यामुळे तीन गुणांचा प्रश्नच मिटला. शेवटच्या सत्रात मुंबईनं विजयासाठी धाव घेतली, पण वेळ पुरला नाही. दोघांना एकेक गुण मिळाला आणि दोघेही बाहेर. सौराष्ट्र आणि आंध्र पुढे गेले, आणि सौराष्ट्रानं पुढे करंडकच जिंकला. पहिल्या डावात एक धाव जास्त झाली असती तर महाराष्ट्र बाद फेरीत होता. चार दिवस, शेकडो चेंडू, आणि निकाल एका धावेच्या अभावावर! हे क्रूर आहे. अन्याय्य आहे का? मला तसं वाटत नाही. धावा सारख्या झाल्या तर काय होणार हे पहिल्या चेंडूच्या आधी दोन्ही कर्णधारांना ठाऊक होतं. ती एक धाव काढण्यापासून कुणीही कुणाला अडवलं नव्हतं.

आता प्लेट गटात या. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादेतच अरुणाचलविरुद्ध तन्मय अग्रवालनं १४७ चेंडूंत त्रिशतक ठोकलं. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासातलं ते सर्वांत वेगवान त्रिशतक. पहिल्या दिवसअखेर हैदराबाद १ बाद ५२९, तन्मय नाबाद ३२३. दुसऱ्या दिवशी तो ३६६ वर बाद झाला, तेव्हा त्याच्या नावावर २६ षटकार होते. विक्रमांच्या पुस्तकात ही खेळी आहे आणि राहील. पण ती खेळी पाहताना टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही मनात एक शंका होती: समोर कोण होतं?

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधारानं संघाची आणखी शोभा नको म्हणून सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या ४४३ ला ‘काठियावाडविरुद्ध’ ही शेपटी कायम चिकटून राहिली, जणू त्या धावा कुणी उसन्या दिल्या होत्या.

आणखी जवळचं उदाहरण आहे. २०१६ मध्ये वानखेडेवर महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती रणजीतली सर्वांत मोठी भागीदारी ठरली. समोरची दिल्ली कशी होती? उत्तरात त्यांच्या ऋषभ पंतनं ३०८ काढल्या. हा विक्रम मोडला नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर. कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, भागीदारी नाबाद ६०६, गोवा २ बाद ७२७. समोर पुन्हा अरुणाचल, जो पहिल्या डावात ८४ धावांत आटोपला होता. त्या वर्षी गोवाही आपल्यासारखाच खाली, प्लेट गटात येऊन पडला होता. विक्रमांच्या यादीत आता ६०६ वर आहे आणि ५९४ खाली. या यादीला समोरचा गोलंदाज दिसत नाही. मला विचाराल तर ५९४ ची भागीदारी मोठी आहे. पण हे मी बोलतो आहे. मी व्यासपीठावरून बोलणारा माणूस, माझ्या मताला गुण नाहीत आणि ते नसावेत.

कारण एकदा माझ्या मताला गुण दिले की काय होतं, ते पाहायला आपल्याला जरा लांब, अमेरिकेत जावं लागेल. तिथल्या महाविद्यालयांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, धडकायचा खेळ. वरच्या दर्जाची सुमारे १३० विद्यापीठं, लाखभर प्रेक्षक मावतील अशी मैदानं, आणि प्रत्येक संघाला मोसमात साधारण बारा सामने. १३० संघ आणि बारा सामने म्हणजे बहुतेक जण बहुतेकांशी कधी भिडतच नाहीत. मग पहिला कोण? कित्येक दशकं याचं उत्तर मतदानानं दिलं जाई. असोसिएटेड प्रेसनं १९३६ पासून पत्रकारांची मतं घ्यायला सुरुवात केली. प्रशिक्षकांचं वेगळं मतदान होतं. कधी कधी दोन मतदानांतून एकाच वर्षी देशाचे दोन विजेते निघत. पुढे संगणकाचे हिशेबही त्यात मिसळले गेले. शेवटी २०१४ च्या मोसमापासून तेरा जणांची एक समिती नेमण्यात आली. ती एका खोलीत बसून संघांची क्रमवारी लावते. तिनं निवडलेले पहिले चार संघ बाद फेरी खेळणार, बाकी सगळे घरी.

डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठाचा संघ तेरा सामने खेळून तेराही जिंकला होता. आपल्या गटाचा विजेताही होता. समितीनं त्याला पाचवा ठरवला. चौथी जागा मिळाली अलाबामाला, ज्यानं एक सामना गमावला होता. कारण? फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बसला होता, आणि त्याच्याविना हा संघ पहिल्या चारांतला वाटत नाही, असं समितीचं मत पडलं. समितीच्या काळात मोठ्या गटाचा अपराजित विजेता दाराबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. तिथल्या राजकारण्यांपासून वकिलांपर्यंत सगळे तुटून पडले.

मी समितीला लबाड म्हणणार नाही. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर ते विचारात घ्यावं, ही तरतूद तिच्या नियमांत आधीपासून लिहिलेली होती. तेरा सभ्य माणसांनी तासन् तास चित्रफिती पाहिल्या असतील आणि प्रामाणिकपणे हात वर केले असतील. पुढे फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाशी दुसऱ्या एका सामन्यात ६३-३ असा उडाला, तेव्हा ‘बघा, समिती बरोबर होती’ असं पुष्कळांनी म्हटलं. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. म्हणजे तो पुरावाही फाटका. समिती बरोबर होती की चूक हे कळायचा एकच मार्ग होता: त्या संघाला खेळू देणं. तोच बंद केला गेला. जिंकणं ज्याच्या हातात होतं त्यानं तेरा वेळा जिंकून दाखवलं, आणि चौदाव्यांदा काय करशील याचं उत्तर त्याच्यातर्फे दुसऱ्याच लोकांनी देऊन टाकलं.

पुढच्या वर्षापासून चाराऐवजी बारा संघ घेतले जाऊ लागले. भांडण मिटलं नाही. पाचव्याची तक्रार आता तेरावा करतो, इतकंच.

आपल्याकडे विद्यापीठांच्या सामन्यांत मतदान नसतं, ही जमेची बाजू. विद्यापीठांच्या क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून उस्मानिया असो की मुंबई, पुढे जायचं ते समोरच्याला हरवून. आपले वाद संघ निवडताना होतात, ‘त्याचा मामा कोण’ या पातळीवर. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यासाठी निराळा, जास्त धीराचा वक्ता बोलवा.

आता फुटबॉलकडे, आपल्या फुटबॉलकडे. हैदराबाद एफसीची सुरुवातच पुण्यातून झाली, हे इथल्या अनेकांना माहीत नसेल. एफसी पुणे सिटी हा बालेवाडीला खेळणारा क्लब २०१९ मध्ये मिटला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला आली. मैदान ठरलं गच्चीबावलीचं. पहिला मोसम वाईट गेला. मग स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केस आले आणि २०२१-२२ मध्ये संघ कमालीचा खेळला. कोविडच्या साथीमुळे तो सगळा मोसम गोव्यातच झाला. साखळी संपली तेव्हा जमशेदपूर ४३ गुणांसह पहिला होता आणि हैदराबाद ३८ गुणांसह दुसरा. साखळीत पहिला येणाऱ्याला लीग शील्ड मिळते. ती जमशेदपूरला मिळाली. मग पहिल्या चार संघांची बाद फेरी. जमशेदपूर उपांत्य फेरीत केरळा ब्लास्टर्सकडून हरला, आणि केरळा साखळीत चौथा होता. अंतिम सामना २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात. केरळानं आघाडी घेतली, ८८ व्या मिनिटाला साहिल तवोरानं बरोबरी साधली, आणि पेनल्टींमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले. दोघेही गोव्याचे. गोव्याच्या पोरांनी गोव्यात हैदराबादला विजेता केलं.

जमशेदपूरच्या माणसाला विचारा, तो सांगेल की वीस सामन्यांत पाच गुणांनी मागं राहिलेला संघ विजेता कसा? त्याचं दुःख खरं आहे. मीही मानतो की लांब साखळी संघाचा कस जास्त चांगला दाखवते. एका रात्रीत कट्टीमणीचा हात योग्य बाजूला गेला म्हणून हैदराबाद जमशेदपूरहून सरस ठरत नाही. पण शील्ड वेगळी आणि चषक वेगळा हे मोसमाच्या आधीच ठरलेलं होतं, आणि चषकाच्या वाटेवर जमशेदपूर स्वतः खेळला आणि हरला. त्याच्या वतीनं कुणी हरलं नाही. फ्लोरिडा स्टेटला एवढंच हवं होतं.

म्हणून मला क्रमवारीकडून अचूकपणाची अपेक्षा नाही. ती चुकणारच. पावसानं चुकेल, अंधुक प्रकाशानं चुकेल, कुणाचा पाय मोडल्यानं चुकेल. ती चुकली तर खेळाडूंना ती पुढे मैदानावर खोडता यावी, एवढी सोय असली की मी तिला न्याय्य म्हणतो. हैदराबादच्या क्रिकेट संघाला ही सोय होती. तिलक वर्माच्या नेतृत्वाखाली संघानं प्लेट गटातले साखळी सामने जिंकले, अंतिम सामन्यात मेघालयाला पाच गडी राखून हरवलं, आणि दोन्ही अंतिम संघ वर गेले. वर गेल्यावर हैदराबाद टिकला. मेघालयाचं काय झालं? जानेवारी २०२५ मध्ये मुंबईविरुद्ध त्यांची अवस्था ६ बाद २ अशी झाली. चुकून उलटं वाचलं जाऊ नये म्हणून सांगतो: दोन धावा, सहा गडी. एक डाव आणि ४५६ धावांनी ते हरले, त्यांच्या जिवावर मुंबईनं बाद फेरीला लागणारे सातच्या सात गुण मिळवले, आणि मेघालय परत खाली गेला. यावर लोक म्हणाले, अशांना वर आणताच कशाला? हा आक्षेप मी ऐकून घेतो, पण मानत नाही. मेघालयाला आपली जागा कळली ती मुंबईशी खेळून. तेरा जणांच्या खोलीतून पत्र येऊन नव्हे. आणि वर यायची वाट त्यांच्यासाठी अजूनही उघडी आहे.

फुटबॉलमध्ये काय झालं ते आता सांगतो. चषक जिंकल्यानंतरच्या मोसमातही हैदराबाद साखळीत दुसरा आला. मग पैसे संपले. खेळाडूंचे पगार थकले, फिफानं नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली, परदेशी खेळाडू एकेक करून निघाले, आपले नामवंतही गेले. २०२३-२४ मध्ये उरलेल्या पोरांना घेऊन थंगबोई सिंग्तो यांनी संघ मैदानावर उतरवला. त्यातलीच काही विशीच्या आतबाहेरची पोरं दर आठवड्याला हरत होती आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा उतरत होती. मार्चमध्ये चेन्नईयिनला त्यांनी १-० हरवलं, तो मोसमातला एकमेव विजय. शेवटचा क्रमांक, ८ गुण. जगात बहुतेक ठिकाणी असा संघ दुसऱ्या श्रेणीत जातो, तिथं कमी खर्चात, कमी दडपणाखाली, स्वतःला उभा करतो. सुपर लीगमधून खाली जायला वाटच नव्हती. २०१९ मध्ये फुटबॉल महासंघानं आखलेल्या आराखड्यात आधी खालच्या आय-लीगच्या विजेत्याला वर घ्यायचं आणि २०२४-२५ पासून शेवटच्याला खाली पाठवायचं, असं ठरलं होतं. वर घेणं सुरू झालं: एका वर्षी पंजाब, पुढच्या वर्षी मोहमेडन. खाली पाठवणं झालंच नाही. परिणाम असा की लीग फुगत गेली, अकरा संघांची बारा आणि बाराची तेरा.

आणि त्याच काळात, याच शहरात, अझीझनगरला डेक्कन अरीनामध्ये श्रीनिधी डेक्कन हा दुसरा क्लब आय-लीग खेळत होता. २०२२-२३ मध्ये तो दुसरा आला. २०२३-२४ मध्ये पुन्हा दुसरा. एकच शहर, एकच मोसम: वरच्या लीगमधला क्लब शेवटचा आणि खालच्या लीगमधला वरून दुसरा. नेमाप्रमाणे विजेताच वर जाणार होता, त्यामुळे श्रीनिधीचा हक्क कुणी हिरावला असं म्हणता येणार नाही. पण जगात अनेक ठिकाणी अशा वेळी खालून वर येऊ पाहणाऱ्याची आणि वरच्या तळातल्या संघाची एक लढत ठेवतात. गच्चीबावली विरुद्ध अझीझनगर, जिंकेल तो वर. तसा एक सामना लावला असता तर शहरातली रिकामी स्टँड भरली असती, याबद्दल मला शंका नाही. इथं कोण जिंकलं असतं ते मी सांगत नाही. सांगितलं तर मीही त्या तेरा जणांतला होईन.

क्लबमालकांची बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. लीगमध्ये राहण्यासाठी दरवर्षी मोठं शुल्क भरायचं, प्रायोजक शोधायचे, आणि एका वाईट मोसमात सगळं गमवायचं, तर भांडवल कोण गुंतवणार? २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा या हमीशिवाय कुणी पुढे आलं नसतं, हेही खरं. म्हणून खाली जाण्यापासून संरक्षण दिलं. पण या संरक्षणानं वाचवलं कुणाला? खेळाडूंचा पगार नाही वाचला. प्रेक्षक नाही वाचले. २०२४-२५ मध्येही क्लब शेवटून दुसरा आला, पुन्हा काहीही घडलं नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लीगमधली ती जागा स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नव्या नावानं राजधानीत गेली. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली. आठ गुण मिळवूनही जो संघ खाली गेला नाही, तो शहरातून गेला. प्लेट गटात पडलेला क्रिकेटचा संघ मात्र हैदराबादचा होता आणि हैदराबादचाच राहिला. घसरायची मुभा असलेल्या संघाला घर असतं. ज्याला घसरू दिलं जात नाही त्याच्याकडे फक्त जागा असते, आणि जागा विकता येते. हे माझं थोडं टोकाचं विधान आहे याची मला जाणीव आहे. प्रश्नोत्तरांत मला पकडा.

गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचं प्रकरण इथंच जोडतो, कारण ‘मैदानावर ठरू द्या’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला ते अडचणीत आणतं. एप्रिल २०२५ मध्ये आय-लीग संपली तेव्हा चर्चिल ४० गुणांसह पहिला आणि इंटर काशी ३९ गुणांसह दुसरा होता. पण जानेवारीत नामधारी या संघाविरुद्ध इंटर काशी ०-२ हरला होता, आणि नामधारीनं त्या सामन्यात अपात्र खेळाडू खेळवला होता असा दावा होता. महासंघाच्या शिस्तपालन समितीनं इंटर काशीच्या बाजूनं कौल दिला, अपील समितीनं तो फिरवला. चर्चिलला विजेता घोषित करून करंडकही दिला गेला. मग प्रकरण स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या क्रीडा लवादाकडे गेलं, आणि जुलै २०२५ मध्ये लवादानं इंटर काशीला ४२ गुणांसह विजेता ठरवलं. मडगावात ज्यांनी एप्रिलमध्ये फटाके लावले त्यांना जुलैमध्ये कळलं की आपण दुसरे आहोत. लवादाचा निकाल कायद्यानं बरोबरच असेल. माझी तक्रार तीन महिन्यांबद्दल आहे. अपात्र खेळाडू खेळवला तर काय, या प्रश्नाचं उत्तर सामन्यानंतर आठवडाभरात एकाच तोंडातून यायला हवं होतं. दोन समित्यांनी दोन उत्तरं दिली, म्हणजे नियम होता पण तो कुणाचा, हे ठरलेलं नव्हतं. ब्रेबॉर्नवर ३८४ ला ३८४ झाल्यावर कुणालाही लोझानला जावं लागलं नाही.

हैदराबादेत फुटबॉलवर बोलायचं आणि सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव न घेता खाली बसायचं, हे होणार नाही. रहीमसाहेब शाळेत मास्तर, मग हैदराबाद सिटी पोलीसचे प्रशिक्षक, मग देशाचे. त्या काळी राष्ट्रीय लीग नव्हती. ती यायला १९९६ उजाडावं लागलं. देशातला सर्वांत चांगला क्लब कोणता, याचं उत्तर मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषकात, दिल्लीत ड्युरंडमध्ये आणि कलकत्त्यात आयएफए शील्डमध्ये मिळे. कलकत्त्याची वर्तमानपत्रं कलकत्त्याच्या क्लबांना वरच्या जागा वाटत होती. रहीमसाहेबांच्या पोलिसांनी १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला. मग त्या वाटपाला फारसा अर्थ राहिला नाही.

१९५६ मध्ये हे मास्तर भारताचा संघ घेऊन मेलबर्नला गेले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये फक्त अकरा संघ होते. भारताचा पहिला सामना हंगेरीशी ठरला होता, आणि हंगेरीचा संघ आलाच नाही. आपण न खेळता उपांत्यपूर्व फेरीत. तिथं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं त्यात तीन गोल केले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियानं ४-१ नं हरवलं, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-०. तीन सामने, एक विजय, दोन पराभव, आणि अधिकृत नोंदीत भारत ऑलिंपिकमध्ये चौथा. फुटबॉलमध्ये इतक्या वर आपण त्याआधी कधी गेलो नव्हतो आणि नंतरही नाही. या शहरात मी क्रमवारीविरुद्धच्या तक्रारी उदंड ऐकल्या आहेत. या एका क्रमवारीविरुद्ध कुणी तक्रार केल्याचं मात्र अजून माझ्या कानावर आलेलं नाही.